श्री. अहो

"अहोऽऽऽ!"

ती हाक दिनानाथांच्या कानात अजून शिल्लक होती. मिठागराच्या पल्याड, बांधावर, डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन उभी राहिलेली नवी नवरी. ऊन इतकं पांढरं, की मीठ कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळू नये. आणि त्या पांढऱ्यातून सुतासारखी निघालेली ती लांब हाक. मिठागरात तेव्हा पुष्कळ माणसं मीठ ओढत असायची, पण हाक कुणाला आहे हे कुणाला विचारावं लागत नसे. बाकीचे माना खाली घालून हसायचे आणि दिनानाथ पाय धुवायला खाडीकडे वळायचे. गावात ज्याच्या त्याच्या घरी एक 'अहो' होता, पण सगुणाबाईंच्या आवाजातला तो एकट्या दिनानाथांचा होता.

आता मिठागरात खारफुटी माजली होती आणि दिनानाथांचे कानही भरतीखाली जाणाऱ्या बांधासारखे हळूहळू चालले होते. उजवा तर कधीच बुडाला. डाव्यात एक यंत्र बसवलेलं. मागच्या खेपेला अलिबागच्या डॉक्टरांनी ते यंत्र काढलं, फुंकलं, परत बसवलं आणि म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत साथ देईल. पुढचं सांगता येत नाही. जे ऐकायचंय ते ऐकून घ्या."

डॉक्टर सहज बोलले. दिनानाथांनी ते मनावर घेतलं. येताना एसटीत खिडकीशी बसून ते विचार करत राहिले, की आपलं ऐकायचं काय राहिलंय? समुद्र ऐकून झाला. भजनं झाली, भांडणं झाली, नातवाच्या लग्नातला डीजेसुद्धा झाला. राहिलं होतं एकच. बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा सगुणाबाईंनी खाडी घेतली, होडी घेतली, नारळ घेतला, सुपारी घेतली आणि नावाच्या जागी त्या खोकल्या. करवल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तो खोकलाच उखाण्यात धरला गेला.

ही गोष्ट दिनानाथांनी फक्त नातवाला सांगितली. अल्पेश बेलापूरला एका कंपनीत होता. तिथं पडद्यावर चौकोन मांडायचे, चौकोनाला चौकोन बाणांनी जोडायचे, आणि मग ऑफिसातली कामं आपली आपण होत राहायची. एकानं अर्ज भरला की दुसऱ्याला निरोप जातो, तिसऱ्याकडे कागद छापला जातो, आणि मधल्या माणसाला चहा प्यायला वेळ मिळतो.

"आजोबा, काळजी नको," अल्पेश म्हणाला. "आजीकडून नाव काढून घेणारी सिस्टिम लावतो."

"मारझोड नको रे."

"सिस्टिम, आजोबा. सिस्टिम!"

योग चांगला होता. समाजाच्या मंडळानं यंदा सुवर्णमहोत्सवी जोडप्यांचा सत्कार ठरवला होता, मांडवा जेट्टीजवळच्या हॉलमध्ये. अध्यक्ष दयारामशेठ यांच्याकडे ट्रक होते, मोठा आवाज होता, आणि कागदाचा कंटाळा होता. अल्पेश म्हणाला, सगळं मोबाइलवर करू. नावनोंदणी, सन्मानपत्रांची छपाई, मंचावर बोलावण्याचा निरोप, सगळं बाणांनी. दयारामशेठ म्हणाले, "कर. बाण नीट मार मात्र."

अल्पेशनं फॉर्म बनवला आणि त्यात आजोबांसाठी एक सापळा ठेवला. पत्नीनं स्वतःच्या फोनवरून भरायचा रकाना, 'पतीचे पूर्ण नाव'. त्याच्या डोक्यावर लाल चांदणी. रिकामा ठेवला तर फॉर्म जागचा हलणार नाही.

ऑफिसातल्या वरिष्ठ रतन मॅडमनी जाता जाता त्याच्या पडद्यावर नजर टाकली. "अल्पेश, लोक जे लिहितील ते तू डेटाबेसच्या हुकुमात जसंच्या तसं चिकटवतोयस. मध्ये बांध घाल. कुणी भलतंच काही लिहिलं तर तेही हुकूम होऊन बसेल."

"मॅडम, गावातल्या आज्या आहेत. त्या काय हॅकिंग करणार?"

रतन मॅडम चहाचा एक घोट घेऊन पुढं निघून गेल्या. काही माणसांचं न बोलणं नंतर ऐकू येतं.

नोंदणी महिनाभर चालली. सगळ्या आज्यांचे फॉर्म आले, लेकीसुनांनी भरून दिले. राहिल्या फक्त सगुणाबाई. शेवटच्या दिवशी दुपारी ओटीवर त्यांचा फोन हातात घेऊन नातसून बसली. प्राप्ती, अल्पेशची बायको. आतल्या खोलीत दाराआड दिनानाथ खुर्ची ओढून बसले होते. यंत्र त्यांनी इतकं वाढवलं होतं, की भिंतीवरची पाल चालली तरी त्यांना दचकायला होत होतं.

"आजी, पतीचं पूर्ण नाव?"

"तुला नाय माहीत?"

"मला माहितीये. पण तुम्ही सांगायचंय, असं अल्पेश म्हणाला."

"अल्पेश म्हणाला!" सगुणाबाईंनी सुपारी थांबवली. "बाय, तू त्याचं नाव असं घेतंस, जसे बाजारात बटाटे मागतंस. जीभ नाय अडकत?"

"आजी, नाव नाही घेतलं तर तो येतच नाही. घेतलं तरी लगेच येईल असं नाही."

"आमचे येत. नाव न घेता येत." सगुणाबाईंची नजर अंगणातून निघाली आणि खारफुटीवरून पलीकडे गेली, जिथं एकेकाळी पांढरं होतं. मग त्या गुणगुणल्या, कुणाला ऐकवण्यासाठी नव्हे, सुपारी कातरता कातरता आपोआप.

"मिठाच्या ग राशी, बाय, दुरून सारख्या दिसती,
माझ्या धन्याची ग रास माझे डोळे ओळखती."

प्राप्ती ऐकतच राहिली. ऊन ओटीच्या कडेला येऊन बसलं होतं. फोनचा पडदा विझला, तिनं तो परत लावला.

"मग हाक कशी मारायच्या आजी?"

सगुणाबाईंनी डोळे मिटले आणि हाक मारली. "अहोऽऽऽ!"

आतल्या खोलीत यंत्रानं शीळ घातली, खुर्ची सरकली आणि पाण्याचा तांब्या गडगडत दारापर्यंत आला.

"मांजर असेल," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "हेच लिही. अख्ख्या खाडीला ठावं हाय तो कोण."

प्राप्तीला वाटलं, खरंच, याच्याहून पूर्ण नाव आणखी काय असणार? तिनं लिहिलं, अहो. सगुणाबाईंनी चष्मा लावून पाहिलं.

"एवढासाच? माझी हाक एवढी आखूड नाय. लांब कर."

आवाज लांबवायची खूण प्राप्तीला फोनमध्ये सापडेना. शेवटी तिनं शब्दाच्या शेंड्याला वर एक इवलीशी रेघ लटकवली, अवतरणाची, आणि पुढं दोन आडव्या रेघा ओढल्या. पतंगाला शेपटी लावावी तसं. "आता बघा."

"व्हय," सगुणाबाई खूश झाल्या. "आता जाईल खाडीपार."

प्राप्तीनं बटण दाबलं. लाल चांदणी मावळली. फॉर्म गेला.

आतल्या खोलीत दिनानाथांनी यंत्र बंद केलं. ते रुसले की ओरडत नसत. यंत्र बंद करत. त्या संध्याकाळी सगुणाबाईंनी त्यांना चहा विचारला, भात विचारला, मासळी बरी झालीय का विचारलं. दिनानाथ भिंतीकडे बघून मान डोलवत राहिले. भिंतीलाही ते जरा विचित्र वाटलं असावं.

हाक मात्र खरंच खाडीपार गेली होती.

डेटाबेस हा फार आज्ञाधारक प्राणी. सांगितलं तेवढं करतो आणि सांगितलं तेवढंच वाचतो. अल्पेशनं त्याला हुकूम असा बांधून दिला होता, की पतीचं नाव अमुक लिही, आणि ते फक्त या बाईच्या नोंदीत लिही. 'अमुक'च्या जागी आज्या जे लिहितील ते जसंच्या तसं जाऊन बसायचं. आता प्राप्तीनं लटकवलेली ती इवलीशी रेघ म्हणजे डेटाबेसच्या भाषेत 'नाव इथं संपलं'. आणि दोन आडव्या रेघा म्हणजे 'इथून पुढची बडबड वाचू नकोस'. पुढची बडबड कोणती होती? 'फक्त या बाईच्या नोंदीत.'

ती त्यानं वाचली नाही. पतीचं नाव अहो लिही, एवढाच हुकूम त्याला दिसला. कुणाच्या? ते सांगितलेलं नव्हतं. म्हणून त्यानं सगळ्यांच्या लिहिलं. क्षणभरात तुकाराम गेला, पांडुरंग गेला, हिराजी, बाळाराम, पदाजी गेले. मंडळाच्या यादीतल्या एकूण एक बायकांचा नवरा अहो झाला. मुदत संपताच बाण सुटले. पहिला अलिबागला, नजमुद्दीनभाईंच्या छापखान्यात.

सत्काराच्या सकाळी माघातलं धुकं अजून पाण्यावर पडून होतं. जेट्टी अर्धीच दिसत होती, उरलेली कुणीतरी नंतर काढणार असल्यासारखी. हॉलच्या दारात नजमुद्दीनभाईंनी सन्मानपत्रांचा गठ्ठा उतरवला. अल्पेशनं वरचं पत्र पाहिलं. 'सौ. सोनूबाई व श्री. अहो.' त्याच्या खालचं पाहिलं. मग मधूनच एक ओढलं, मग तळातलं.

"चाचा! हे काय छापलंत?"

"मशीननी पाठवलं ते छापलं. खाली लिहिलं होतं, तपासणी पूर्ण, छापा."

"ते आपोआप लिहून येतं!"

"आता मला काय मालूम? मला वाटलंच होतं काहीतरी. बायकोला, हुस्नबानूला दाखवलं. ती म्हणाली, या अल्ला, कित्ती छान! बायकांच्या मनातलं कुणीतरी पहिल्यांदा छापतंय. सोनेरी बॉर्डर पण मार म्हणाली." नजमुद्दीनभाईंनी बॉर्डरवरून बोट फिरवलं. "मारली. आमच्यातर्फे."

अल्पेशनं भिंतीला टेकून रतन मॅडमना फोन लावला. त्यांनी नोंदी पाहिल्या. पलीकडून एक दाबलेलं हसू आलं.

"कोणी केलं हे?"

"आजीनं."

"हॅकर नव्हे ना त्या?"

"मॅडम!"

"जुनी प्रत ठेवली होतीस?"

"ती... कार्यक्रमानंतर ठेवणार होतो."

"अल्पेश, लोकांना हवं ते लिहू द्यावं रे. ते हुकूम म्हणून वाचायचं नसतं. आजीनं हाक मारली आणि तुझा डेटाबेस ती आज्ञा समजला. माझी आजीसुद्धा..." त्या थांबल्या. "ते जाऊ दे. निरोप पाठवणारा चौकोन आधी बंद कर. तो फोन नंबर कशावरून शोधतो?"

"पतीच्या नावावरून," अल्पेश म्हणाला आणि खाली बसला.

तो उठून पळाला तोवर आत दयारामशेठनी माइक हातात घेतला होता. त्यांच्या टॅबवर पहिलं नाव आलं. ते त्यांनी ट्रकच्या हॉर्नइतक्या आवाजात वाचलं, "सौ. सगुणाबाई आणि श्री. अहो! मंचावर यावं!"

बायकांच्या बाजूनं खिदळणं उठलं. सगुणाबाई मंचावर चढल्या. दयारामशेठनी टॅब जवळ धरला, लांब धरला, आणि 'पुढे' हे बटण दाबलं.

हॉलमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे खिसे एकदम वाजले. सदऱ्यांचे, कोटांचे, एका धोतराच्या कनवटीचासुद्धा. प्रत्येकाच्या फोनवर एकच निरोप. 'श्री. अहो, आपली पाळी आली. त्वरित मंचावर या.'

उशिरा आलं तर शाल संपेल, हे त्या पिढीला कुणी शिकवावं लागत नव्हतं. सगळे उठले. काठ्या टेकत, एकमेकांना धरत, मागं ओढत, सगळे मंचावर चढले. मंचाच्या फळ्या कुरकुरल्या. सगुणाबाई मधोमध उभ्या होत्या आणि भोवती पांढऱ्या टोप्यांचा समुद्र होता. दयारामशेठनी चष्मा पुसला, सगुणाबाईंच्या शेजारी जो उभा होता त्याच्या खांद्यावर शाल टाकली, आणि फोटोवाल्यानं फोटो काढला.

"अरे, हा तुकाराम हाय!" सगुणाबाई ओरडल्या. "हा माझा नाय!"

"मना निरोप आला!" तुकारामबुवांनी शाल घट्ट धरत फोन पुढं केला. "बग, माझं नाव हाय. अहो."

"तुझं नाव अहो?"

"माझी बायको तेच बोलते. पन्नास वर्षं खोटं बोलेल का ती?"

खालून दुसऱ्याच एक बाई, सोनूबाई, पदर खोचून पुढं आल्या. "थांबा. माझा कुठला तो मीच काढतंय." त्यांनी हात तोंडाशी नेला. "अहो!"

"ओऽऽ!" अख्खा मंच एका सुरात म्हणाला.

मग मात्र बायकांना आवरेना. कुणी खांब धरला, कुणी सुनेचा खांदा धरला. हसून हसून डोळ्यांना पाणी आलं. फळ्या आणखी कुरकुरल्या. दयारामशेठ माइकवर "अहो, खाली उतरा! अहो, शिस्त पाळा!" असं म्हणत राहिले, आणि प्रत्येक 'अहो'ला मंचावरून 'ओ' येत राहिला. अल्पेश धापा टाकत टॅबपाशी पोचला आणि त्यानं सगळे बाण तोडले. पण सुटलेले सुटून गेले होते.

"अहो अल्पेश," प्राप्ती त्याच्या कानाशी म्हणाली, "बाण लागला हं."

शेवटच्या रांगेतली एक खुर्ची एव्हाना रिकामी झाली होती.

दिनानाथ मंचावर चढलेच नव्हते. निरोप त्यांनाही आला होता. तो वाचून त्यांना पहिल्यांदा बरंच वाटलं, नाव नाही तर नाही, पण हाक तरी आपलीच. मग त्यांनी शेजारी पाहिलं. तुकारामच्या फोनवर तेच. पुढच्याच्या फोनवर तेच. हॉल उठून मंचाकडे चालला होता. दिनानाथांनी खुर्चीखालची पिशवी उचलली आणि ते धुक्याकडे चालू लागले.

दारात नजमुद्दीनभाईंनी अडवलं. "किधर, दिनानाथसेठ? सत्कार चाललाय."

"कल्पिताकडे जातोय, मुंबईला. पोरीकडे." दिनानाथांचा स्वर शांत होता. "एवढाच एक शब्द होता माझा, नजमू. आज तोही वाटला गेला. पोरीच्या घरात मला बाबा बोलतात. तो अजून कुणी घेतलेला नाय." यंत्र काढून खिशात टाकत ते धुक्यात शिरले.

हे बोलणं नजमुद्दीनभाईंनी सगुणाबाईंना जसंच्या तसं सांगितलं. सांगताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. सगुणाबाईंचं हसू तिथल्या तिथं थांबलं. त्यांनी प्राप्तीचा हात धरला.

"चल, बाय."

मांडव्याची जेट्टी लांब. दोन्ही बाजूंना पाणी, वर धुकं, आणि चालणाऱ्याला वाटावं आपण कुठंच नाही, नुसते चाललोय. मागून सगळे अहो काठ्या टेकत येत होते, कारण अर्धवट टाकून जाण्यासारखा हा कार्यक्रम नव्हता.

"आजी, एकदा घेतलं असतंत नाव तर?" प्राप्ती चालता चालता म्हणाली. "आजोबांचे कान चाललेत. डॉक्टर म्हणालेत, पावसाळ्यानंतर यंत्राचाही भरवसा नाही. त्यांना एवढंच ऐकायचं होतं. अल्पेशनं तो रकाना मुद्दाम ठेवला होता."

सगुणाबाईंची पावलं अडखळली, पण थांबली नाहीत. "मना का नाय सांगितलं?"

"मागून घेतलेलं त्यांना नको होतं."

मग सगुणाबाई बोलल्या. "घेतलं होतं, बाय. लग्नाच्या वर्षी. मिठागरात कुणी नव्हतं. म्हटलं, बघू तरी जिभेवर कसं लागतं. मिठाच्या राशीसमोर उभी राहिले आणि घेतलं, हळूच. गोड लागलं. त्याच सांजेला यांना ताप भरला. उतरता उतरेना. आई बोललेली, नाव घेतलं का धन्याचं आयुष्य झिजतं. तवापास्नं दात आवळून हाय."

"आजी! मिठागरात दिवसभर उन्हात..."

"ऊन व्हतं, ठावं हाय मना. पण कुणी सांगावं? मी काय दुसऱ्यांदा करून बघू?"

लाँच लागली होती. लाँचवरचा खलाशी दानियाल दोरखंड सोडायच्या बेतात खांबापाशी उभा होता. दिनानाथ वरच्या डेकवर कठड्याशी बसलेले, पिशवी मांडीवर, तोंड मुंबईकडे. मुंबई दिसत नव्हती, पण रुसलेल्या माणसाला दिशा पुरते.

सगुणाबाईंनी श्वास भरला. पदर खांद्यावर ओढला आणि त्या जुन्या बांधावरून मारावी तशी हाक मारली. "अहोऽऽऽ!"

जेट्टीवरचे सगळे म्हातारे "ओ" म्हणाले. लाँचवर पेपर वाचणाऱ्या एका साहेबांनी वर पाहिलं. खोकी चढवणारा एक गुजराती व्यापारी वळून म्हणाला, "हां बोल, शूं थयुं?" आणि मग बायको घरी आहे हे आठवून परत खोक्यांकडे वळला. फक्त दिनानाथ हलले नाहीत. त्यांनी नुसती तिरकी नजर टाकली, खिशातून यंत्र काढलं, सावकाश डाव्या कानात बसवलं.

"कुणाला मारतेस हाक?" ते वरून म्हणाले. "हितं सगळेच अहो हायेत. तुला कुठला पायजे ते सांग."

"खाली या आधी!"

"कोण खाली या? हे या? ते या?"

"आजी, लौकर बोला," दानियाल दोर हातात घेऊन म्हणाला. "टायम झाला."

सगुणाबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. पांढऱ्या टोप्या, पांढऱ्या मिशा, पांढरं धुकं. दुरून सगळ्या राशी सारख्या. डोळे ओळखत होते, पण डोळ्यांनी हाक मारता येत नाही.

"आजी, ताप आला तर मी गोळी देईन," प्राप्ती कुजबुजली. "डॉक्टर आणीन. घ्या."

पदराआड सगुणाबाईंचे ओठ हलले. "दिनानाथ."

तेवढ्यात लाँचचा भोंगा वाजला. बगळे उडाले. धुकंही थोडं हललं.

दिनानाथांनी हात कानाशी नेला. "काय? काय बोललीस?"

"चाचा, नाव घेतलं तुमचं!" दानियाल ओरडला. "मी ऐकलं! दिनानाथ बोलल्या!"

"तुझ्या तोंडून नकोय मना!"

दानियालनं दोर खांबाला परत गुंडाळला. लाँचवर कुणी तक्रार केली नाही. पेपरवाल्या साहेबांनी पेपर मिटला. मागं सोनूबाईंनी हसणाऱ्या एका नातीला गप्प केलं. जेट्टी अशी शांत झाली की खाली पाणी खांबांना चाटत होतं तेवढं ऐकू यावं.

सगुणाबाई दोन पावलं पुढं गेल्या. या खेपेला त्यांनी ओठ झाकले नाहीत. इतकी वर्षं दातांमागं ठेवलेलं ते नाव त्यांनी सोडलं आणि ते त्याच जुन्या सुतावरून, तितकंच लांब, पाण्यावरून गेलं.

"दिनानाथऽऽऽ!"

दिनानाथ उठले. त्यांनी डोळे पुसले की यंत्र नीट केलं, ते धुक्यात कळलं नाही. फळीवरून उतरताना दानियालनं हात दिला. जेट्टीवर कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. सोनूबाईंनी अल्पेशला बाजूला ओढलं, इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "लिही. आमचे हिराजी." आणि चोरून गूळ खाल्ल्यासारख्या स्वतःशीच हसल्या. त्यांच्या मागं दुसरी येऊन उभी राहिली, तिच्या मागं तिसरी. अल्पेश हातानंच लिहून घेऊ लागला, एकेक नाव, आपापल्या जागी.

लाँच निघाली. परतीच्या वाटेवर दोघं सगळ्यांच्या मागं राहिले. धुकं विरत होतं आणि जेट्टीचा उरलेला अर्धा भाग हळूहळू परत येत होता. दिनानाथ खाकरले.

"सगुणा, रागवू नको. भोंग्याच्या आधीच ऐकलं होतं मी."

"ठावं हाय," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी चालता चालता दिनानाथांच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं. "हात उजव्या कानाला लावला होतात तुम्ही. तो तर कवाच बंद हाय."

"मग परत कशाला घेतलंस?"

सगुणाबाईंनी पदर सावरला. समोर ऊन नुकतंच पाण्यावर उतरत होतं, पांढरं, मिठासारखं.

"मना परत घ्यायचं होतं."